कुकडवेलीचं पाणी

माझ्या सासरी कावीळ उतरवायचं औषध होतं. त्या औषधानं आमच्या घरात जेवढं वैर लावलं, तेवढं जमिनीच्या वाटणीनंही लावलं नाही.

गाव पालीच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या उतारालगत. मोगलाईचे, म्हणजे निजामाच्या अमलाचे दिवस. सरकारी दवाखाना बीडला होता, पण तिथं उर्दूत बोलावं लागेल या धास्तीनं आमची माणसं तिकडं फिरकायची नाहीत. कावीळ झाली की ती आमच्या ओसरीवर यायची. आयतवारी सकाळी मी झाडलोट करून बाहेर पाहावं तर अंगणात बैलगाड्या सुटलेल्या असायच्या. कुणी तेलगावकडून आलेलं, कुणी थेट परळीहून. माणसं पिवळी पडलेली, डोळे हळदीत बुडवून काढल्यासारखे, आणि अंगाला सुटलेल्या खाजेनं हैराण.

मामंजी, म्हणजे माझे सासरे, मुलांचे आबा, उपाशीपोटीच औषध द्यायचे. रोग्याला ओसरीवर उताणं निजवायचं, मान कडेवरून खाली सोडायला लावायची आणि कापसाच्या बोळ्यानं दोन्ही नाकपुड्यांत पाणी पिळायचं. ते नाकात गेलं की माणूस धडपडून उठायचा. शिंका, ठसका, डोळ्यांना धार. मग त्याच्यापुढं काशाची थाळी ठेवायची. थोड्या वेळानं नाकातून पिवळं पाणी गळायला लागायचं, ते दुपारपर्यंत गळतच राहायचं. आलेली माणसं थाळीवर वाकायची आणि एकमेकांना सांगायची, "उतरली बघा, कशी उतराय लागली!"

औषधाच्या बदल्यात काही घ्यायचं नाही असा घराचा नेम होता. मान मात्र भरपूर घेतला जायचा. पाटलाच्या पारावर आमच्या घरच्या माणसाला जागा करून द्यायचे.

औषध म्हणजे कुकडवेल. कुंपणावर चढणारा वेल, पांढरी फुलं, जायफळाएवढं काटेरी फळ. फळ वाळलं की आत नुसती जाळी उरते. ती रात्रभर पाण्यात भिजवायची आणि सकाळी फडक्यातून गाळायची. इतकी कडू की फळ हाताळून चुकून ओठाला बोट लागलं तर दिवसभर भाकरी कडू लागायची. मामंजींच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरले तेव्हा फळं तोडणं, वाळवणं, भिजवणं हे सगळं माझ्याकडं आलं. मी धाकटी सून. थोरल्या जाऊबाईंना त्या कडू वासानं मळमळायचं, म्हणून त्यांनी आपणहून ते काम माझ्या गळ्यात टाकलं होतं. चार वर्षं ओसरीवर जी कावीळ उतरली, ती माझ्या हातच्या पाण्यानं उतरली. हे कुणी कधी बोललं नाही, आणि मलाही त्याचं काही वाटत नव्हतं.

मामंजी गेले तेव्हा जाण्याआधी त्यांनी थोरल्याला जवळ बोलावून त्याच्या डोक्यावर हात ठेवला. म्हणजे औषधाचा हात त्याला दिला. मग वाटणी झाली. थोरले दीर म्हणाले, ओसरी माझ्याकडं, कारण औषध तिथंच दिलं जातं. माझा नवरा म्हणाला, औषधाचीही वाटणी करा.

"औषध काय बैल हाय का बे, वाटून घ्यायला?" थोरल्यानं विचारलं.

"चार वर्सं माज्या बायकूनं भिजवलं तवा चाललं, आन् आता ते तुज्या एकट्याचं कावून?"

"तिनं भिजवलं म्हून गुण आला न्हाई. आबाच्या हातानं आला. आता माज्या हातानं यील."

माझा नवरा काहीतरी बोलला, थोरल्यानं त्याच्या अंगावर पायतण फेकलं. त्याच आठवड्यात अंगणातून दगडमातीची भिंत उठली. दोघे भाऊ भिंतीच्या दोन बाजूंना उभे राहून दगड रचत होते आणि एकमेकांना शिव्या देत होते. भिंत छातीपर्यंत आली तेव्हा दोघंही थकले आणि तिथंच थांबले. जाऊबाई त्या भिंतीवरून झाडलेला केर आमच्याकडं टाकायच्या. मी तो केर गोळा करून, त्यात शेळ्यांच्या लेंड्या मिसळून परत पलीकडं टाकायचे. आम्ही दोघी बायका तोंडानं फार बोललो नाही, केरानंच बोललो.

एका दुपारी मी रानातून आले तर आमच्या वाट्याच्या कुंपणावरचे सगळे वेल मुळासकट उपटून जाळलेले. राखेत अर्धवट जळकी फळं पडली होती. थोरल्या दिरांनीच जाळले होते. भिंतीपलीकडून जाऊबाई मोठ्यानं म्हणाल्या, "ज्येचं औषध त्येचा वेल!"

दिवाळी होऊन ज्वारी पोटऱ्यात आली होती तेव्हा माझ्या नवऱ्याला कावीळ झाली. आधी जेवण जाईना, मग ताप, मग एका सकाळी तो भाकरी ढकलून उन्हात बसला आणि मला त्याच्या डोळ्यांतला पिवळा रंग दिसला. भिंतीपलीकडच्यांनाही दिसला. जाऊबाईंनी भिंतीवरून वाकून पाहिलं आणि काही न बोलता घरात गेल्या.

मी नवऱ्याला म्हटलं, "पलीकडं चला. भाऊ हाय तुमचा. न्हाई म्हननार न्हाई."

"मेलो तरी त्येच्या ओसरीवर निजनार न्हाई," तो म्हणाला.

मग मी गेले. त्या काळी थोरल्या दिराशी आम्ही बायका समोरासमोर बोलत नसू. काही सांगायचं तर जावेच्या तोंडून. पण जाऊबाई आत जाऊन बसल्या आणि हाक मारली तरी बाहेर आल्या नाहीत. म्हणून पदर कपाळाच्या खाली ओढून मी पहिल्यांदा त्यांच्याशी थेट बोलले.

"भावजी, ह्यांचे डोळे पिवळे झाल्यात."

"बघितलं म्या."

"औषध द्या."

"देतो की. त्येला म्हनावं, तू ये. समद्या गावासमोर ओसरीवर ये, कान धर आन् म्हन की हात थोरल्याचा हाय. मंग निज."

"ते यायचे न्हाईत."

"मंग मरू दे," ते म्हणाले आणि उठून गोठ्याकडं गेले.

दुसऱ्या दिवशी मी डोंगरात गेले. बिंदुसरा नदीच्या पात्राच्या वर, जिथं निवडुंगाची दाटी होती, तिथं कुकडवेल आहे हे मला शेळ्या चारताना दिसलं होतं. फळं वेलावरच वाळून काळी पडली होती. पदरात बांधून आणली. काटे पोटाला टोचत होते. संध्याकाळी भिजत घातली, सकाळी गाळली. पाणी नेहमीपेक्षा दाट निघालं, आणि मला भीती वाटली. जास्त झालं तर नाकातून रक्त येतं हे मामंजींनी मला बजावून सांगितलं होतं. नवरा आधीच अशक्त. विचारायला कोण? ज्याला विचारायचं त्यानं तर मरू दे म्हटलेलं.

म्हणून मी चुलीपाशी उताणी निजले आणि आधी स्वतःच्या नाकात सोडलं.

आग आग झाली. कपाळात कुणी तापली सळई घातल्यासारखं वाटलं. शिंकांवर शिंका. उठून राखेच्या ढिगाकडं तोंड करून बसले. बोळा जरा जास्त पिळला गेला असावा, एवढाच विचार डोक्यात होता. आणि मग नाकातून पाणी गळायला लागलं.

पिवळं. ओसरीवर काशाच्या थाळीत गळायचं तसंच.

मी ते पांढऱ्या राखेवर पडताना पाहिलं. मग आरसा आणून डोळे पाहिले. ते स्वच्छ होते. मला भूक होती, ताप नव्हता, आदल्या दिवशी डोंगर चढून आले होते. मला कावीळ नव्हती. तरी पाणी पिवळंच येत होतं, कारण ते त्या वेलाचंच काम होतं. ज्याच्या नाकात सोडाल त्याच्या नाकातून पिवळं येईल. कुणाची कावीळ कुणाच्या नाकातून कधी उतरलीच नव्हती. चार वर्षं मी भिजवत होते. चार वर्षं माणसं थाळीवर वाकत होती.

मला आश्चर्य वाटायला हवं होतं, पण राग आला. भिंत आठवली, जळालेले वेल आठवले, "मरू दे" आठवलं. हे सगळं कशासाठी, तर या राखेत पडणाऱ्या पाण्यासाठी.

मी नवऱ्याला जाऊन सांगितलं. नाक लाल, डोळे सुजलेले, तशीच उभी राहून सांगितलं की औषधात काही नाही, मी माझ्यावरच करून पाहिलं. मला वाटलं तो हसेल. भावाचा तोरा उतरला म्हणून खूश होईल.

तो उठून बसला. "माज्या बापाला खोटं म्हनतीस?"

"बापाला न्हाई म्हनत. पान्याला म्हनते."

"पानी बापाचंच हाय. शेंकड्यानं मानसं बरी झाली ओसरीवर. ती काय खोटी?"

"ती आपोआप बरी झाली असतील. आंबील पिऊन, बाजंवर पडून."

"आन् तू कोन? वैद्य का हकीम?" तो म्हणाला. "पानी आन हिकडं. सोड माज्या नाकात."

मी पाणी उकिरड्यावर ओतून टाकलं. त्याच्या अंगात ताकद असती तर त्यानं मला मारलं असतं. तेवढी नव्हती. भिंतीला धरत धरत तो उठला, घोंगडी खांद्यावर टाकली आणि जो मेल्यावरही जाणार नव्हता तो माझ्या डोळ्यांसमोर भावाच्या दारात गेला.

रात्री तो तिकडंच निजला; आयतवार नव्हता, तरी थोरल्यांनी फळं भिजत घालून सकाळी औषध काढलं. बातमी गावभर झाली. माणसं जमली. माझ्या नवऱ्यानं कान धरले की नाही ते गर्दीमुळं मला भिंतीवरून दिसलं नाही, पण दोघं भाऊ रडताना ऐकू आले. मग तो निजला. पाणी सोडलं. पिवळं गळायला लागलं आणि ओसरीवरून आवाज उठला, "उतरली!" जाऊबाई मुद्दाम भिंतीपाशी आल्या आणि थाळी माझ्यासमोर धरली. "बघ," म्हणाल्या. "तुज्या नवऱ्याच्या अंगातली घान बघ."

त्यांनी थाळी परत त्याच्यापुढं नेली, माणसं बाजूला झाली, आणि मग त्या पिवळ्यात लाल उतरलं. आधी एक धागा, मग धार.

रक्त थांबेना. कपाळावर गार पाण्याच्या पट्ट्या ठेवल्या, कांदा हुंगवला, नाकात तुरटीचा बोळा घातला. बऱ्याच वेळानं रक्त थांबलं तेव्हा माझा नवरा चुन्यासारखा पांढरा आणि त्याखाली पिवळा असा काहीतरी भलताच दिसत होता. माणसं कुजबुजायला लागली. थोरले दीर घाबरले होते, ते मला दिसत होतं. पण ते म्हणाले, "घरात वेलाला नको ती शिवाशिव झाली. म्हून औषध उलटलं."

ते माझ्याकडं बघत म्हणाले, आणि सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं.

मी भिंत ओलांडली. चक्क चढून ओलांडली. पदर खाली आला होता, तो सावरला नाही. ओसरीवरची औषधाची वाटी उचलली, बोळा बुडवला आणि सगळ्यांसमोर मान मागं करून स्वतःच्या नाकात पिळला. दुसऱ्यांदा आग जास्त झाली. मी ओरडले असेन. मग वाकून उभी राहिले आणि थाळी पुढं ओढली. पाणी गळायला लागल्यावर मी म्हटलं, "बघा! मला कावीळ हाय का? बघा माजे डोळे! हे पानी समद्यांनाच येतं. येलाचं पानी हाय हे!"

माणसं थाळीवर वाकली. मला वाटलं, समजलं यांना.

मग गावातली एक म्हातारी पुढं झाली, माझ्या हनुवटीला हात लावून माझं तोंड उजेडाकडं फिरवलं आणि कळवळून म्हणाली, "अगं बाई, हिला बी झालीया की! अंगातच दडून व्हती! बरं झालं, येळेवर उतरली!"

आणि लोक हसले. सुटका झाल्यासारखे हसले. कुणीतरी थोरल्या दिरांना म्हणालं की तुमचा हात लई मोठा, दडलेली कावीळसुद्धा बाहेर काढतो. जाऊबाईंनी माझ्या हातातली थाळी काढून घेतली.

नवऱ्याला उचलून घरी आणलं. त्यानंतर मी त्याला औषध घेऊ दिलं नाही, आणि घ्यायची त्याची छातीही झाली नाही. मी त्याला फक्त निजवून ठेवलं. ज्वारीची पातळ आंबील, ताक, मुळ्याचा पाला, आणि उसाचा रस मिळेल तेव्हा. तेल नाही, तिखट नाही. तो शिव्या द्यायचा. ठेच्यासाठी लहान पोरासारखा रुसायचा. एकदा त्यानं शेजाऱ्याकडून वांग्याचं कालवण मागून खाल्लं आणि पुन्हा दोन दिवस ओकत होता.

त्याच सुमारास एका सकाळी मी शेण थापत असताना भिंतीपलीकडून थोरल्यांचा आवाज आला. "कसा हाय?"

"पडून हाय," मी म्हटलं. आता बोलले होते एकदा, तर बोलले.

ते भिंतीजवळ सरकले. मग हळूच म्हणाले, "तू ओसरीवर जे केलंस, ते मला ठाव हाय."

"काय ठाव हाय?"

"पानी समद्यांनाच पिवळं येतं ते. आबानं हात दिला तवा सांगितलं. म्हनला, औषध पथ्यात हाय. पानी दावायपुरतं."

माझ्या हातातलं शेण तसंच राहिलं. "ठाव व्हतं तरी माज्या नवऱ्याच्या नाकात सोडलं? तरी वेल जाळले?"

"नुसतं पथ्य सांगितलं तर कोन पाळतं? आंबील पी आन् पडून ऱ्हा म्हनलं तर मानूस हसून रानात जाईल. नाकातनं पिवळं पडलं की भितं, आन् पाळतं. आबा म्हनायचा, ती भीती हेच औषध."

"आन् रक्त?"

"ते माजं माप चुकलं."

"मंग शिवाशिव झाली म्हून मला कावून बोललात?"

ते म्हणाले, "हे कुनाला सांगू नको."

"मी सांगितलं की," मी म्हटलं. "समद्या गावाला सांगितलं. कुनी ऐकलं?"

मी भिंतीवर शेणाची गोवरी इतक्या जोरानं थापली की पलीकडं माती पडली असावी. त्यांच्या म्हणण्यात तथ्य होतं का? मी पुष्कळ वेळा विचार केला आहे. माझा नवरा घाबरला तेव्हाच पथ्य पाळायला लागला हे खरं. पण तो पाण्याला घाबरला नव्हता, रक्ताला घाबरला होता. आणि ज्या माणसाला खरं ठाऊक आहे तो खोट्यावर मान घेत बसतो, भावाला कान धरायला लावतो, हे मी त्यांना कधी माफ केलं नाही. ते नुसते अडाणी असते तर केलं असतं.

संक्रांतीच्या पुढंमागं माझा नवरा हिंडायला लागला. डोळे पांढरे झाले. गावानं त्याचं श्रेय ओसरीला दिलं, त्यानंही दिलं. "दादाच्या हातानं वाचलो," असं तो पारावर सांगायचा आणि मी शेजारून घागर घेऊन जात असले तरी माझ्याकडं बघायचा नाही. दोघा भावांनी मिळून भिंतीत जायला-यायला खिंडार पाडलं. नवरा त्यातून रोज पलीकडं जायचा. मी शेवटपर्यंत रस्त्यानं फिरून जात असे, तेही कुणी मेलं-जन्मलं तरच.

हल्ली शहरातली शिकली-सवरलेली माणसं म्हणतात की रानातल्या वेलीपाल्यात मोठे गुण आहेत, कुकडवेलीतही असतील, परदेशात म्हणे त्यांचा अर्क काढून बघतात. असतील. मी नाही म्हणत नाही. एवढं आग लावणारं पाणी काहीच करत नसेल असं कसं म्हणावं. पण ज्याला ते तपासून बघायचं आहे त्यानं जरूर बघावं, माझी हरकत नाही. मी बघितलं तेव्हा मलाच रोगी ठरवलं, एवढंच मला सांगायचं आहे.

पुढं थोरले दीर वारले. त्यांचा मुलगा लष्करात भरती होऊन हैदराबादेला गेला, त्यानं हात घेतला नाही. ओसरी बंद झाली. माणसं मात्र येतच राहिली आणि जाऊबाई त्यांना माझ्या दाराकडं बोट दाखवायच्या. "तिला येतं. देत न्हाई. मनाची काळी हाय ती."

एकदा तेलगावकडची एक बाई पोरीला घेऊन आली. पोर नुकती वयात आलेली, डोळे पिवळेजर्द, पाय सुजलेले. मी तिला आंबील दिली, पथ्य सांगितलं, बीडच्या दवाखान्यात ने म्हणून सांगितलं. बाईनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आन् नाकात कवा सोडनार?"

"सोडनार न्हाई."

"कावून?"

"त्यानं काय होत न्हाई. झालं तर रक्त येतं. तुजी पोर आदीच अशक्त हाय."

ती माझ्या उंबऱ्यावर दुपारपर्यंत बसून राहिली. तिला वाटलं असेल, मी विरघळेन. एकदा माझ्या पायांवर डोकं ठेवलं. मी पाय काढून घेतले. मग ती उठली, पोरीला काखेत धरून उभं केलं आणि माझ्या नावानं कडाकडा बोटं मोडली.

"घरात औषध असून लेकरू मारतीस," ती म्हणाली. "तुज्या हाताला किडं पडतील."

मी म्हटलं, "आंबील ने वाटेला." तिनं नेली नाही. गाडी पालीच्या बाजूला वळली, म्हणजे दवाखान्याकडं निघाली असेल, किंवा दुसऱ्या कुठल्या ओसरीकडं. ती पोर वाचली की नाही, मला कळलं नाही.